तापली की बंद, थंड झाली की सुरू: टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक गाडीत हा दोष कसा शोधायचा

लक्षणं

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होतं. गाडी आठ-दहा किलोमीटर व्यवस्थित पळते आणि मग बंद पडते. कितीही किका मारा, काही होत नाही. पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की काहीही दुरुस्त न करता पुन्हा सुरू होते. मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, दोष दिसत नाही, प्लग बदलून गाडी परत मिळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या तक्रारीच्या गाड्या मी वर्षानुवर्षं उघडत आलोय. शोध घ्यायची जागा बहुतेक वेळा बंद पडण्याच्या पद्धतीवरूनच कळते, म्हणून पुढच्या वेळी नीट लक्ष द्या.

• स्विच बंद केल्यासारखी क्षणात बंद पडली: करंट, म्हणजे प्लगची ठिणगी.
• आधी ओढ कमी झाली, आचके आले, मग बंद पडली: पेट्रोल.
• उभी असताना आयडलिंग खाली खाली येत बंद पडली आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागतेय: फोर-स्ट्रोक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीची जुळणी).
• थ्रॉटल सोडला तरी रेस चढलेलीच राहते, मग कधीतरी बंद पडते: इंजिन कुठून तरी जादा हवा घेतंय.
• चालत्या गाडीचा वेग आपोआप घटला, कोणी ब्रेक दाबल्यासारखा: टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धरतोय, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतोय. त्या क्षणी क्लच दाबा, बाकीचं नंतर.

इंजिन कोणतं, हे आधी का पाहायचं

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मधल्या फेरीत जळका वायू बाहेर जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. ऑइल खाली वेगळं साठवलेलं असतं आणि पंप ते वर चढवतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो. म्हणजे 6000 आरपीएमला फोर-स्ट्रोकमध्ये मिनिटाला 3000 आणि टू-स्ट्रोकमध्ये 6000. पिस्टनला दम खायला जागाच नाही. व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळणारं ऑइल याच मिश्रणातून येतं.

आता कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा अडकला असं धरा. फोर-स्ट्रोक आचके देईल, बंद पडेल आणि तुम्ही वैतागाल. तिचं वंगण मात्र शाबूत असतं. मिश्र (ऑइल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी झालं की त्याबरोबर ऑइलही कमी होतं, पिस्टनला गारवा देणारं ताजं मिश्रणही कमी होतं आणि आतली आग जास्त तापते. म्हणून टू-स्ट्रोक तापून बंद पडत असेल तर "थोडा वेळ थांबू, मग जाऊ" असं करत महिनाभर चालवू नका. फोर-स्ट्रोकवाल्याला उशीर परवडतो, टू-स्ट्रोकवाल्याला नाही.

बंद पडल्या जागी करायच्या तपासण्या

याला पैसे लागत नाहीत. डिकीत एक जादा प्लग, एक स्क्रूड्रायव्हर आणि छोटी बाटली ठेवा, एवढं पुरे. हे सगळं इंजिन गरम असतानाच करायचं, कारण गार झाल्यावर पुरावा जातो.

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. "फुस्स" करून हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली, तर झाकणाचं छिद्र बुजलंय. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तसतशी वर हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थांबून राहिलं की हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी सुरू होते, म्हणून सगळ्यांना वाटतं इंजिन गार झाल्यामुळे झाली. उष्णतेचा इथे काही संबंधच नसतो. झाकण काढून छिद्रात हवा मारली की काम झालं. टाकी धुताना छिद्रात माती बसते, तेव्हा दर पावसाळ्यानंतर हे बघत चला.

मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू अर्धा आटा सैल करा आणि बाटलीत पेट्रोल धरा. गरम सायलेन्सरवर थेंबही पडू देऊ नका आणि आसपास कोणी सिगारेट ओढत नाही ना, ते बघा. धार सलग आली तर पेट्रोल पोहोचतंय. थेंब-थेंब आलं किंवा काहीच आलं नाही, तर अडथळा कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला आहे.

नंतर करंट. गरम इंजिनातला प्लग काढायची घाई करू नका. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढताना आटे खराब होतात. जुना प्लग जागेवरच राहू द्या. फक्त कॅप काढा, त्यात जादा प्लग बसवा, त्याची धातूची बाजू हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लग हाताने धरू नका, कॅपला हजारो व्होल्ट असतात. चटचट आवाज करत निळी ठिणगी हवी. नारिंगी, बारीक, मधूनच येणारी ठिणगी म्हणजे करंट कमकुवत. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं, सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच कमकुवत ठिणगी पडत नाही.

जुना प्लग आतच राहिल्याने आणखी एक फायदा होतो: प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येऊन ठिणगीने पेटायचा धोका टळतो.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ड्रेन स्क्रूची तपासणी लागू होत नाही. चावी लावल्यावर पंपाचा आवाज दोन-तीन सेकंद येतो का आणि इंजिनाचा दिवा जळत राहतो का, एवढं पाहून नोंद ठेवा.

दोन्ही इंजिनांना लागू होणाऱ्या गोष्टी

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. फिरत नसेल किंवा घासत असेल तर ब्रेक चिकटतोय. चिकटलेला ब्रेक आणि सैल पडलेली क्लच प्लेट इंजिनाला दिवसभर चढावर चालवल्याइतकं तापवतात. इंजिन उघडून बसण्याआधी हे बघायला एक मिनिट लागतं, तरी ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचं चाकही फिरवून पाहा. क्लचच्या लिव्हरला थोडा मोकळा खेळ हवाच.

बहुतेक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, म्हणून तिथे चारचाकीचं ऑइल घालू नका. त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या घटकांनी क्लच घसरतो. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 पाहून घ्या.

हवेने गार होणाऱ्या इंजिनाच्या बाहेरच्या फिन्समधला (पातळ पट्ट्यांमधला) चिखल वाळून दगड झालेला असतो. लाकडी काडीने किंवा ब्रशने काढा. एअर फिल्टरही उघडा, पण फिल्टर काढून टाकून गाडी चालवून "फरक पडतो का" बघू नका. त्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकला ते महागात पडतं.

पेट्रोलची धार बारीक असेल तर कॉकची जाळी, पाइपमधला पिळा आणि फ्लोटची सुई, या क्रमाने जा. पाइप हेडला टेकत असेल तर आत पेट्रोलची वाफ होते, पाइपची वाट बदला.

प्लग गार इंजिनात काढून पाहा. फिकट तपकिरी ठीक, पांढराफटक आणि भाजलेला म्हणजे इंजिन जादा तापतंय, काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. प्लगचा नंबर पुस्तिकेतलाच हवा. इथे एक गोष्ट फार गोंधळ घालते: एनजीकेच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग, बॉशच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम (उष्णता धरून ठेवणारा) प्लग. कंपनी बदलताना आकडा जुळवून प्लग बसवला की नेमका उलटा प्लग बसतो. गरम जातीचा प्लग टू-स्ट्रोकमध्ये बसला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं.

प्लग ठीक, पेट्रोल ठीक, पण गरम असताना करंट नाही, तर आधी किल स्विच आणि वायरींचे जोड हलवून पाहा. मग प्लग कॅप बदला, ती स्वस्त आहे. त्यानंतर मॅग्नेटोची (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चकतीची) कॉइल, ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी पल्सर कॉइल, व्होल्टेज वाढवणारी एचटी कॉइल आणि ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे सीडीआय. कॉइलची तार गरम झाल्यावर फुगते आणि आतल्या आत तुटका जोड उघडतो, गार झाल्यावर पुन्हा चिकटतो. "तापली की क्षणात बंद" याचं हे नेहमीचं कारण. मल्टिमीटरने थंड असताना रोध मोजा, कागदावर लिहा, बंद पडल्या पडल्या पुन्हा मोजा. गरम तांब्याचा रोध थोडा वाढतोच, त्याने घाबरू नका. मीटर अनंत दाखवत असेल किंवा आकडा उड्या मारत असेल तर ती कॉइल गेली. सीडीआय मीटरने नीट तपासता येत नाही, दुसऱ्या चांगल्या गाडीचा लावून बघणं हाच मार्ग.

टू-स्ट्रोक: इथे वेळ द्या

ऑइलपासून सुरुवात. मिश्र पेट्रोल घालत असाल तर प्रमाण मोजूनच घाला. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलि, 40:1 म्हणजे 25 मिलि, 25:1 म्हणजे 40 मिलि. तुमच्या गाडीला कोणतं, ते पुस्तिकेत असतं. अंदाजाने झाकणभर घालणं हे प्रमाण नाही. आणि जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा असंही नाही: टाकीत ऑइलने जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी होतं, मिश्रण पातळ होतं आणि प्लगही काजळतो. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, जासो एफसी किंवा एफडी. फोर-स्ट्रोकचं ऑइल जळायला बनवलेलं नसतं, ते पिस्टनवर आणि सायलेन्सरमध्ये राखेचा थर सोडतं.

ऑइल पंपाची गाडी असेल तर पंपाकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत हवेचे बुडबुडे आहेत का बघा आणि केबलच्या खुणा जुळतात का ते पाहा. पंपावर शंका असेल तर तो तपासून होईपर्यंत टाकीतही प्रमाणात ऑइल मिसळून चालवा. धूर होईल, पण पिस्टन वाचेल.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडायची सवय असेल तर ती मोडा. इंजिन जोरात फिरत असतं आणि थ्रॉटल बंद असल्याने मिश्रण, म्हणजेच ऑइल, जवळजवळ जात नाही. फोर-स्ट्रोकवरून टू-स्ट्रोकवर आलेले लोक नेमकं हेच करतात आणि उताराच्या शेवटी पिस्टन धरतो. मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडा.

पुढे सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळून बाहेर जातं, त्यामुळे सायलेन्सरच्या आतल्या नळीत आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो. जळका वायू अडला की ताजं मिश्रण आत येत नाही, गाडी वर रेस घेत नाही आणि तापते. आतली नळी काढून खरवडा. पोर्टमधला कार्बन काढताना पिस्टन खाली नेऊन पोर्ट उघडं ठेवू नका. उलट पिस्टनच्या बाजूने पोर्ट पूर्ण झाकून घ्या, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये पडत नाही. लाकडाची पट्टी वापरा, लोखंडी पान्याने पिस्टनला ओरखडे पडतात.

यानंतर जादा हवा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड वाकवून पाहा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. गाडी आयडलिंगवर ठेवून जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. रेस बदलली तर हवा तिथूनच शिरतेय. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा गरम इंजिनावर मारून ही तपासणी करू नका, तो पेटतो. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारत असेल तर मिश्रण पातळ आहे, हे नक्की.

जोड ठीक आणि तरीही रेस चढलेली राहते, तर क्रँकच्या ऑइल सीलवर या. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद नसेल तर इंजिन नीट चालूच शकत नाही, कारण मिश्रण तिथेच दाबलं जातं. मॅग्नेटो बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा शिरते: रेस चढते, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. क्लच बाजूचं सील गेलं की क्रँककेस गिअर ऑइल ओढून घेते: दाट धूर येतो, प्लग काळा-ओला होतो आणि बाहेर कुठेही गळती नसताना गिअर ऑइलची पातळी खाली जाते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गळलं तर बाहेर डाग दिसतो, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये तेच सील कार्बोरेटरइतकं महत्त्वाचं आहे. जुनी गाडी बरेच महिने उभी राहिली असेल तर सील कडक झालेली असतात, त्यामुळे संशय आधी त्यांच्यावर घ्या आणि मगच जेट मोठा करायचा विचार करा. जेट मोठा केल्याने लक्षण काही दिवस झाकलं जातं आणि सील तसंच राहतं.

फोर-स्ट्रोक: ऑइल आणि टॅपेट

ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघा, बाजूच्या स्टँडवर नाही. पट्टी आटे फिरवून पाहायची की नुसती टेकवून, ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि त्याने आकडा बदलतो. पातळी कमी असेल तर ते गेलं कुठे, तेही शोधा. फोर-स्ट्रोकमधून निळा धूर येणं हा स्वतंत्र दोष आहे.

आणि मग टॅपेट. ज्या फोर-स्ट्रोक गाड्या "उभी केली की बंद, गरम असताना किक हलकी" अशा येतात, त्यांत सगळ्यात आधी मी हाच हात घालतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत झिजत वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, उरलेली फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं. गार झालं की पुन्हा मिटतो आणि गाडी सुरू होते. धोका असा की घट्ट टॅपेट आवाज करत नाही. सैल टॅपेटच्या टकटकीने लोक घाबरतात आणि "आवाज बंद करा" म्हणून फट गरजेपेक्षा कमी करून घेतात. बैठकीला टेकूनच व्हॉल्व्ह गार होत असतो, त्यामुळे न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळतो आणि मग हेड उतरवावं लागतं.

फट रात्रभर गार झालेल्या इंजिनात मोजायची. मॅग्नेटोवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर पिस्टन वर असूनही स्ट्रोक चुकीचा आहे, क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत हलकं घासत सरकायला हवं. बऱ्याच छोट्या एअर-कूल्ड इंजिनांत ही फट 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते, पण आकडा तुमच्या मॉडेलचाच घ्या. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, आवळताना फट बदलते. स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असलेलं इंजिन असेल तर ते काम स्वतः करू नका.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

टू-स्ट्रोकचा पिस्टन एकदा जरी धरला असेल, तर ती पुन्हा सुरू झाली तरी चालवू नका. सिलिंडर उघडून एक्झॉस्ट बाजूचे ओरखडे पाहिले पाहिजेत. ओरखड्यांसह चालवलेला पिस्टन पुन्हा धरतो आणि तेव्हा मागचं चाक जाम होऊ शकतं.

क्रँकचं सील बदलायला मॅग्नेटो ओढायचा योग्य पुलर लागतो. हातोडीने ठोकलेला क्रँक वाकडा होतो. काही इंजिनांत क्लच बाजूच्या सीलसाठी क्रँककेसच फोडावी लागते. दोन्ही कामं अनुभवी माणसाचीच.

टॅपेट बरोबर करूनही गरम असताना किक हलकी लागत असेल, काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे चमकते कण दिसत असतील, किंवा खालून जड ठकठक येत असेल, तर किक मारणंही बंद करा. फ्युएल इंजेक्शनच्या पाइपमध्ये दाब असतो, ते सोडू नका. पेट्रोल गळून इंजिनावर पडत असेल तर गाडी ढकलतच न्या.

मेकॅनिकला "गाडी गरम होते" एवढंच सांगू नका. किती किलोमीटरनंतर, कोणत्या पद्धतीने बंद पडली, त्या वेळी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल होतं का, ठिणगी कशी होती, किक हलकी होती का, किती मिनिटांनी सुरू झाली, हे लिहून द्या. आणि गाडी सोडून येऊ नका. त्याला सोबत घेऊन ती बंद पडेपर्यंत चालवा, मगच पाना लावू द्या.